पिशवीखालचा कागद

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव तापट आहे. असं लोक म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की घरात कुणीतरी तापट असावं लागतं, नाहीतर कामं होत नाहीत. आमचे हे तर एका शब्दाने कुणाला दुखावणार नाहीत. चाळीस वर्षं लेथ मशीनपुढे उभे राहिले, लोखंडाशी बोलले, माणसांशी बेताचंच. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते चोख केलं.

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आधी हॉस्पिटलातलं मशीन लागलं, आठवड्यातून तीन दिवस. दर वेळी तेच. अर्ध्या तासात ब्लडप्रेशर खाली, डोळे पांढरे, सिस्टरांची धावपळ, आणि काचेबाहेर मी जीव मुठीत धरून. पाचव्या खेपेनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "काकू, ह्यांचं हृदय हे सोसणार नाही. आपण पोटातून डायलिसिस करू. तेही घरी."

त्यांनी समजावून सांगितलं. पोटात एक बारीक नळी बसवायची. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं आणि चार-पाच तास तसंच ठेवायचं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग ते पाणी पिशवीत काढून घ्यायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, रोज.

"फक्त जंतू आत जाता कामा नये," ते म्हणाले. "पोटात इन्फेक्शन झालं आणि ते हटलं नाही, तर नळी काढावी लागते."

"मग?"

"मग परत मशीन," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे न बघता फाइल मिटली. मला काय कळायचं ते कळलं.

शिकवणाऱ्या सिस्टरांनी आठ दिवस माझ्याकडून घोटून घेतलं. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडावर मास्क. घड्याळ लावून हात धुवायचे. नळीचं उघडं तोंड कशालाही लागू द्यायचं नाही, स्वतःच्या श्वासालासुद्धा नाही. मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण शिस्तीची. मला आवडली. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "काकू, बाहेर आलेलं पाणी फिकट पिवळं, पण नितळ हवं. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि आरपार अक्षरं वाचता येतात का बघायचं. गढूळ वाटलं तर एक मिनिट थांबायचं नाही. फोन करायचा, आणि ती पिशवी टाकून न देता सोबत घेऊन यायचं."

सगळं पटलं, वर्तमानपत्र सोडून. एकतीस वर्षं मी छापखान्यात प्रूफं तपासली आहेत. ती शाई बोटांना कशी लागते, दारात पडेपर्यंत त्या कागदाला किती जणांचे हात लागलेले असतात, ते मला कुणी सांगायला नको. असला कागद त्या खोलीत? अजिबात नाही. पिशवीखाली ठेवायला म्हणून मी माझ्या हाताने स्वच्छतेचे पंधरा नियम लिहिले, ओळखीच्या ऑपरेटरकडून बारीक टायपात जुळवून घेतले, स्वतः तपासले आणि त्या कागदाला प्लास्टिकचं आवरण चढवून आणलं. स्पिरिटने पुसला की स्वच्छ. सिस्टरांना सांगायची गरज मला वाटली नाही. त्यांच्यापेक्षा मी एक पाऊल पुढेच होते की!

घरी आल्यावर ह्यांनी स्वतः स्टीलची पट्टी घेऊन भिंतीवर पिशवी टांगायच्या हुकाची जागा आखली. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही. सुताराने भोक पाडलं तेव्हा ह्यांनी त्याला दोनदा थांबवलं. मला हसू आलं. पहिल्यांदाच वाटलं, जमेल आपल्याला.

आणि जमलंही. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, झोपण्याआधी दहा. डोळ्यांत तेल घालून मी सगळं करत होते. पाणी निघालं, नवं भरलं, नळीला नवी टोपी बसली, की भरलेली पिशवी ताणकाट्याला लावून वजन घ्यायचं. मग ती टेबलावर, त्या कागदावर ठेवायची आणि वरून वाचायचं, मोठ्याने. "नियम चार. पंखा बंद करावा, खिडकीची कडी लावावी. नियम पाच. हात धुऊन झाल्यावर नळाला पुन्हा स्पर्श करू नये." मग वहीत वेळ, वजन आणि पुढे एक शब्द, 'स्वच्छ'. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. शेजारीण ह्यांना बघायला आली, तिला मी दारातूनच परत पाठवलं. तिने तोंड वाकडं केलं. करू दे.

नवव्या दिवशी माझी पाठ धरली. खाली वाकता येईना, दोन लिटरची पिशवी उचलायची कुठून? हे म्हणाले, "ताईला बोलावतो." मी म्हटलं, "बोलवा, पण हात लावायचा तो मी सांगेन तेवढाच."

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन हजर झाल्या. वय त्र्याहत्तर. अख्खी नोकरी पोस्टात गेली, पत्रं वेगळी करायच्या टेबलावर. भिजलेली, फाटलेली, कुणी डाव्या हाताने लिहिलेली, सगळी त्यांच्यापुढे यायची. आमचं दोघींचं कधी भांडण झालं नाही, कारण त्या भांडत नाहीत. नुसत्या बघतात. त्या बघण्याचाच मला लग्नापासून राग.

"माझा मास्क कुठला?" आल्या आल्या त्यांनी विचारलं. मी दिला. हात धुतले तेही माझ्या घड्याळाप्रमाणे. बोट ठेवायला जागा नव्हती. त्या पिशवी उचलायच्या, वजन घ्यायच्या, टेबलावर ठेवायच्या. मी वाचायची, त्याही शेजारून डोकावायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी पिशवी टेबलावर आली. मी वाचलं, "नियम चार. पंखा बंद करावा, खिडकीची कडी लावावी," आणि पेनाचं टोपण काढलं.

"मला नाही गं दिसत," वन्सं म्हणाल्या.

"काय नाही दिसत?"

"अक्षर. ओळी आहेत एवढं कळतंय. अक्षर लागत नाही."

"वन्सं, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतायत."

"आहे ना. पण काल सकाळी ह्याच डोळ्यांना दिसत होतं. एका रात्रीत पिकला का माझा मोतीबिंदू?"

मी वहीत 'स्वच्छ' लिहिलं. जरा जोर देऊनच लिहिलं, कागद फाटायचा बाकी होता. "एकतीस वर्षं डोळ्यांवर पोट भरलंय मी," मी म्हटलं. "उगाच अपशकुन करू नका. आधीच ह्यांच्या जिवाला घोर."

ह्यांनी आमच्याकडे बघितलं. एक हात पोटावर होता. "काही होतंय का?" मी विचारलं. त्याच आवाजात विचारलं, वन्संना बोलले त्या. हे म्हणाले, "छे, काही नाही." वन्संनी पिशवी उचलली आणि संडासात रिकामी करून आल्या. नियम बारा.

ह्यांनी नाश्ता अर्धा टाकला. मी म्हटलं, रुसलेत बहिणीच्या वतीने. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. मी खोलीत दोनदा गेले, दोनदा पांघरूण नीट केलं. कपाळाला हात लावायचं मनात आलं, पण म्हटलं, राहू दे रुसवा, आपण कशाला पुढाकार घ्यायचा? आज ते आठवलं की मला माझीच चीड येते.

दुपारी बाराला पुन्हा सगळं. पंखा, खिडकी, मास्क, हात. पाणी निघायला वेळ लागत होता. एरवी पंधरा मिनिटांत होतं, आज पंचवीस झाली. हे ओठ दाबून बसले होते. मी म्हटलं, "सरळ बसा, नळी दुमडते." सरळ बसले बिचारे. नवं पाणी भरून झालं, टोपी बसली. वन्संनी पिशवीचं वजन घेतलं. पाठीमुळे मी खुर्चीतच होते, वहीत आकडा टाकत. पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"वाच," वन्सं म्हणाल्या.

मी चष्मा नीट केला आणि वाकून बघितलं. पिशवीखाली ओळी दिसत होत्या. बारीक, करड्या, एकाखाली एक.

"नियम चार," मी वाचलं. "पंखा बंद करावा, खिडकीची कडी लावावी. नियम पाच. हात धुऊन झाल्यावर नळाला पुन्हा स्पर्श करू नये. झालं समाधान? का अजून वाचू?"

वन्सं नुसत्या बघत राहिल्या, त्यांच्या त्या बघण्याने. मग डावा हात पाठीमागून पुढे आणला. हातात माझा प्लास्टिकचा कागद होता, नियम एक ते पंधरा.

मला आधी काही समजेचना. तो कागद तिकडे, तर मग पिशवीखाली काय? वन्संनी पिशवी उचलली. खाली औषधाच्या खोक्यात येतो तो माहितीचा कागद होता, घड्या पडलेला. त्यावर ना पंखा, ना खिडकी, ना नळ. मी डोळे फाडून बघितलं. मग वन्संच्या हातातली पिशवी बघितली, उजेडासमोर. आतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं होतं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. छापखान्यात पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी मला सांगितलं होतं, आपण लिहिलेलं आपण तपासायचं नाही. डोळा कागदावर असतो आणि वाचतं डोकं. पुढे हेच मी किती नवख्या पोरींना शिकवलं असेन, किती जणींना रडवलं असेन! आणि घरी? स्वतः लिहिलेला कागद, दिवसातून चार वेळा, बारा दिवस. तो मला पाठ होता. पिशवीखाली फरशी असती तरी मी तिच्यावर नियम चार वाचून दाखवला असता.

"आम्हाला पोस्टातल्या टेबलावर एकच शिकवलं होतं," वन्सं हळूच म्हणाल्या. "लागत नाही तर लागत नाही म्हणायचं. अंदाजाने टाकलं की पत्र भलत्याच दारात जातं." मग भावाजवळ जाऊन त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "बाळूला ताप आहे गं."

मी फोन लावला. आकडे दोनदा चुकले. सिस्टरांनी विचारलं, "गढूळ आहे? पोट दुखतंय? ताप?" मी तिन्हीला हो म्हटलं, पोटाचं ह्यांच्याकडे बघून, कारण आता हे दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. "पिशवी घ्या आणि निघा, काकू. आत्ता."

टॅक्सीत ती पिशवी माझ्या मांडीवर होती, प्लास्टिकच्या दुसऱ्या पिशवीत बांधून. कोमट. दर सिग्नलला मी ड्रायव्हरला म्हणत होते, "अहो, जरा काढा ना पुढे," आणि तो म्हणत होता, "बाई, उडून जाऊ का?" एरवी मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. आता फक्त पिशवी घट्ट धरली. हे वन्संच्या खांद्याला टेकून डोळे मिटून होते. मी ह्यांच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. वर, खाली.

हॉस्पिटलात सिस्टरांनी पिशवी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. नमुना लॅबमध्ये गेला. नव्या पिशवीत अँटिबायोटिक घालून पोटात सोडलं. मग वही मागितली. सिस्टरांचं बोट ओळींवरून खाली खाली गेलं. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ.

"सकाळीसुद्धा स्वच्छ होती?"

खोटं बोलायला एक क्षण लागला असता. वही माझी, अक्षर माझं. वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या आणि मला माहीत होतं, त्या एक शब्द बोलणार नाहीत. तेच सहन होईना.

"नव्हती," मी म्हटलं. "ह्या वन्संनी सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही. मी तुमच्या वर्तमानपत्राऐवजी माझा कागद वापरला, आणि तो मला पाठ होता. सकाळची पिशवी ओतून टाकली."

सिस्टरांनी मान वर केली नाही. "सहा तास," एवढंच पुटपुटल्या आणि लिहून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "दुखायला कधी लागलं?" हे म्हणाले, "आज सकाळपासून." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "पाच दिवस बघू. पाणी नितळ होत गेलं तर नळी वाचली. नाही झालं तर काढावी लागेल." पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी विचारलं ते वेगळंच. "माझ्या हातून गेला का हो जंतू आत?" ते म्हणाले, "ते कधीच सांगता येत नाही. सगळं नीट करूनही जातो." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. मला काही धीर आला नाही.

वॉर्डात नवा कायदा आला, वन्संचा. दर वेळी नवा कागद. तो त्या निवडणार, मला आधी दाखवणार नाहीत. मी हात धुवायला गेले की त्या कागद टेबलावर ठेवायच्या, वर पिशवी. मी परत येऊन बघायची.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. "नाही लागत," मी म्हटलं. हे दोन शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी काळं-काळं, ओळी आहेत की घड्या तेही कळेना. "नाही लागत." दुपारी एक मोठा आकडा दिसल्यासारखा वाटला. तीन असावा. मन म्हणत होतं, म्हण तीन, म्हण! "नाही लागत," मी म्हटलं. वन्संनी कागद काढून दाखवला. आठ होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले.

ह्यांचा ताप उतरला होता, पण तोंड सुकलेलं. मी भरवायची, हे घोट-घोट घ्यायचे. "बरं वाटतंय?" विचारलं की "हो" म्हणायचे. चाळीस वर्षं मला त्या 'हो'चा अभिमान होता. कसली कटकट नाही हो ह्यांची, असं मी जगाला सांगत फिरायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हात धुऊन आले तर पिशवी टेबलावर तयार होती. वन्सं खिडकीशी, हे उशीला टेकून, नजर छताकडे. पाणी आज लवकर निघालं होतं, मी मुद्दाम घड्याळ बघितलं होतं. पण मी ठरवलं होतं, आशा धरायची नाही. आशा धरली की डोकं वाचायला लागतं.

मी वाकले. खाली एक चिठ्ठी होती. छापील नव्हती, हाताने लिहिलेली. बारीक, सरळ, एका उंचीची अक्षरं, पट्टी लावून काढल्यासारखी. कारखान्याच्या कागदांवर, हुकाच्या मापांवर, आमच्या जुन्या डब्यांच्या झाकणांवर ही अक्षरं मी हजार वेळा बघितली होती. प्रत्येक अक्षर वेगळं दिसत होतं. काना, मात्रा, टिंब, सगळं.

नळी वाचली होती. मी टेबलाची कड धरली.

"मोठ्याने वाच," वन्सं म्हणाल्या. "नेहमीसारखं."

मी वाचायला लागले. "'डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. दोन दिवस आधीपासून दुखत होतं.'" माझा आवाज थांबला.

"का गं? नाही लागत?"

"लागतंय," मी म्हटलं. "सगळं लागतंय." आणि उरलेली ओळ वाचली, एकेक शब्द सुटा करून, छापखान्यात वाचायचो तशी. "'तू ओरडशील म्हणून बोललो नाही.'"

पलीकडच्या खाटेशी कुणाचा तरी चमचा पडला. हे अजूनही छताकडे बघत होते, शाळेत चूक कबूल केलेल्या पोराने बघावं तसे. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस. पोट आतून जळत असताना माझं तोंड चुकवत पडून राहिला होता, भिंतीकडे वळून. आणि मी म्हणत होते, रुसलेत.

मी पलंगाच्या कडेला बसले. माफी मागितली असती तर हे "असू दे" म्हणाले असते, आणि तिथेच सगळं मिटलं असतं, नेहमीसारखं. मी ह्यांच्या पायावर हात ठेवला. आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. सवय नाही.

"आत्ता दुखतंय का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. 'नाही' ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मी वाट बघितली. घड्याळाच्या काट्यावर हात धुण्यापेक्षा ते अवघड होतं.

"थोडं," हे म्हणाले. "डावीकडे."

मी वही उघडली. तारीख, वेळ, वजन लिहिलं. पुढे 'स्वच्छ' लिहिलं आणि पेन वन्संच्या हातात दिलं, त्यांनीही बघून सही केली. मग खालच्या ओळीत मी लिहिलं, 'डावीकडे थोडं दुखतंय', आणि सिस्टरांना बोलवायला उठले.